खिमा-कोबीचे भाजलेले बन

या बनचं सगळं यश कोबीवर ठरतं. खिमा थोडा कमीजास्त झाला तरी निभतं, पण कोबीत पाणी राहिलं तर बनचं बूड कच्चट लागतं. म्हणून मी आधी सारण करते, ते गार व्हायला पंख्याखाली ठेवते आणि मगच पीठ भिजवायला घेते.

याला बिरॉक म्हणतात. १७६३ मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीने परदेशी शेतकऱ्यांना वस्तीला बोलावलं, तेव्हा बरेच जर्मन व्होल्गाकाठी जाऊन राहिले. त्यांचे वंशज १८७० च्या दशकापासून अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्काकडे गेले, तिथे हे बन आजही घरोघरी होतात. शेतावर न्यायचं जेवण ते. आत गोमांस, कोबी, कांदा, मीठ, मिरी, एवढंच. मी मटणाचा खिमा घेते, बाकी काही बदलत नाही. आलं-लसूण आणि गरम मसाल्याचा मोह आवरा. मसाला पडला की कोबीचा गोडवा हरवतो, आणि माझ्या मते खरी चव त्या गोडव्यातच आहे.

बारा बनसाठी ४०० ग्रॅम खिमा, तेवढाच कोबी, दोन मध्यम कांदे. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात कोबी हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड लागेल तो घ्या. अगदी बारीक चिरा. खिमा फार चरबीचा नको. धुतला असेल तर चाळणीत पूर्ण निथळू द्या.

पसरट लोखंडी कढईत चमचाभर तेलावर कांदा मऊ करा, मग खिमा टाकून मोठ्या आचेवर गुठळ्या मोडत परता. रंग बदलून पाणी आटलं की कोबी आणि मीठ घाला. झाकण अजिबात ठेवू नका. कोबी आधी पाणी सोडेल, मग ते आटेल, मग तळाशी तडतड असा कोरडा आवाज येईल. खिमा शिजलाय ना, हे चाखून बघा. चमच्याने सारण बाजूला सारल्यावर कढईत ओघळ दिसता कामा नये. शेवटी दीड चमचा जाडसर कुटलेली मिरी. सारण पूर्ण गार हवं. गरम भरलं तर पिठातलं लोणी वितळतं आणि पारी फाटते.

पिठासाठी ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, दीड छोटा चमचा मीठ, एक अंडं, २२० मिली कोमट दूध. दहा मिनिटं मळा, मग ५० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं मुरवा. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत मैदा आधीच ओलावा धरून असतो, तेव्हा दोन-तीन चमचे दूध मागे ठेवा आणि लागलं तरच घाला. पीठ दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं. मे महिन्यात पाऊण तासात फुगतं, जानेवारीत सव्वा तासही लागतो. घड्याळाकडे नको, पिठाकडे बघा.

बारा गोळे करा. पुरणपोळीचा उंडा भरतो तसंच भरायचं: कडा पातळ, मध्य जाड, सारण मध्ये, कडा वर ओढून घट्ट चिमटायच्या. कडेला तेलकट सारण लागलं तर सांधा चिकटत नाही, बोटं पुसत राहा. सांधा खाली करून ट्रेमध्ये ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवा. वरून फेटलेलं अंडं लावा. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर वीस-बावीस मिनिटं. लहान ओटीजीत एकावेळी सहाच मावतात. तोवर उरलेले फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर ते फुगून बसतात. एक बन उचलून बघा, बूडही तांबूस हवं. बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवून सुती कापड टाका, वरचा पापुद्रा मऊ राहतो.

माझा नवरा ऐरोलीला रात्रपाळीला जातो, त्याच्या डब्यात हेच देते. एका हाताने खाता येतात, सोबत काही लागत नाही. आत मटण आहे, तेव्हा डबा ऑफिसात पोचताच फ्रिजमध्ये गेला पाहिजे. उरलेले गार करून, एकेक गुंडाळून फ्रीजरमध्ये महिनाभर राहतात. मायक्रोवेव्हमध्ये पाव चिवट होतो. ओव्हनमध्ये १६० अंशांवर आतपर्यंत गरम होऊ द्या.