कॅरॅव्हॅन क्लबची वर्गणी भरण्याआधी या चुका टाळा

कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली की कॅरॅव्हॅनवाल्यांच्या क्लबचं माहितीपत्रक हातात पडतंच. कधी विकणाराच देतो, कधी शेजारच्या पिचवरचे, म्हणजे कॅरॅव्हॅन उभी करायच्या आखीव जागेवरचे, काका आग्रहाने देतात. साइटवर (मुक्कामाच्या तळावर) सवलत, विम्यात सवलत, फेरीबोटीच्या तिकिटात सवलत, वर एक मासिक. वाचताना वाटतं, न घेणाराच वेडा. पण ही वर्गणी काहींची पहिल्याच सुट्टीत वसूल होते आणि काही जण वर्षानुवर्षं भरत राहतात, तरी त्यांच्या पदरात काही पडत नाही. क्लब दोघांचाही तोच असतो, फिरण्याची पद्धत मात्र वेगळी. म्हणून निर्णय घेताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि स्वतःच्या मुक्कामांकडे बघा. बहुतेक चुका तिथेच होतात.

वर्गणी पैशांत मोजणं

पैशांत मोजलं की रक्कम कधी किरकोळ वाटते, कधी फार. दोन्ही वाटण्यांना अर्थ नाही. वर्गणी रात्रींत मोजा. तुम्ही जिथे उतरता तशा साइटचं एका रात्रीचं भाडं हे माप धरा. समजा वर्गणी अशा तीन रात्रींच्या भाड्याइतकी आहे आणि सभासदाला दर रात्री १० टक्के सवलत मिळते. मग पैसे फिटायला ३० रात्री लागतील, आणि त्याही सगळ्या क्लबच्याच साइटवर. आता उलटं उदाहरण घ्या. वर्गणी एका रात्रीइतकी आणि बिगरसभासदाला दर रात्री पाव भाडं जादा, असं असेल तर चौथ्या रात्री हिशेब पुरा होतो.

दुसऱ्या उदाहरणातली रीत ब्रिटनमध्ये सर्रास दिसते. तिथल्या मोठ्या क्लबांच्या बऱ्याच साइटवर बिगरसभासदालाही प्रवेश असतो, फक्त दर रात्री अधिभार पडतो. हा अधिभार बहुधा पिचमागे असतो, माणसामागे नाही. म्हणजे एकट्याने फिरणाऱ्यालाही तो पूर्ण लागतो, आणि एकट्याची वर्गणी त्यामुळे चौकोनी कुटुंबाइतक्याच रात्रींत फिटते. हा मुद्दा एकटे फिरणारे हमखास विसरतात. 'आपण एकटेच, आपल्याला कशाला क्लब' म्हणतात आणि अधिभार भरत बसतात.

पुढच्या वर्षाच्या रात्री मोजणं

नवी गाडी दारात उभी असली की माणूस वर्षाला ४० रात्री फिरायचं ठरवतो. कॅलेंडर मात्र मुलांच्या परीक्षा, ऑफिसची रजा आणि नातेवाइकांची लग्नं यांच्याच ताब्यात राहतं. म्हणून मोजायचं ते मागचं वर्ष. किती रात्री बाहेर काढल्या? त्यांतल्या नात्यातल्यांच्या अंगणात किती, आणि साइटवर पैसे मोजून किती? मग या शेवटच्या रात्रींपैकी ज्या गावांजवळ क्लबची साइट होती, तेवढ्याच धरा. आकडा पटकन निम्म्यावर येतो.

पहिलंच वर्ष असेल, मागचं काही मोजायला नसेल, तर दोन-तीन रात्री बिगरसभासद म्हणून काढा. अधिभार गेला तर गेला; एका वर्षाच्या वर्गणीपेक्षा तो बहुधा कमीच असतो. बऱ्याच क्लबांमध्ये साइटवर पोचल्यावरही सभासद होता येतं, त्यामुळे आधीपासून घाई करण्याचं कारण नाही.

चुकीच्या भाड्याशी तुलना

माहितीपत्रकातली सवलत ही 'आमच्याच साइटवर बिगरसभासद किती देतो' याच्याशी केलेली तुलना असते. तुमची तुलना वेगळी हवी: क्लब नसता तर त्या रात्री तुम्ही कुठे उतरला असता आणि तिथे किती पडलं असतं? क्लबच्या मोठ्या साइटवर पक्कं पिच, गरम पाण्याची न्हाणीघरं, वीजजोडणी, स्वच्छता असं सगळं असतं आणि भाडंही त्याला साजेसं असतं. तुम्ही एरवी शेतकऱ्याच्या रानात साध्या नळावर भागवणारे असाल, तर सवलत घेऊनही तुम्ही जास्तच देता. बचत होतेय हे समाधान तेवढं मिळतं.

आणि एकदा वर्गणी भरली की ती वसूल करायची खुमखुमी येते. मग वाट वाकडी करून क्लबच्याच साइटवर जाणं सुरू होतं. मागे कॅरॅव्हॅन ओढताना गाडी एरवीपेक्षा बरंच जास्त इंधन पिते. तासाभराच्या वळशात त्या रात्रीची सवलत टाकीतच जिरते.

टक्का बघणं, अटी न बघणं

अमेरिकेत गुड सॅम हा १९६६पासूनचा मोठा क्लब आहे. त्याच्याशी जोडलेल्या कॅम्पग्राउंडवर १० टक्के सवलत मिळते. पासपोर्ट अमेरिका हे सभासदत्व ५० टक्क्यांचं आकर्षण दाखवतं. कागदावर दुसरं पाचपट भारी. पण पन्नास टक्के देणारं प्रत्येक कॅम्पग्राउंड आपापल्या अटी लावतं: शनिवार-रविवार नाही, सणासुदीला नाही, अमुक रात्रींपेक्षा जास्त नाही. निवृत्त जोडपं मंगळवारी निघून गुरुवारी परत येऊ शकतं. त्यांच्यासाठी हा सौदा खरंच मोठा आहे. नोकरदाराला शुक्रवारी संध्याकाळीच निघायचं असतं. त्याच्यासाठी साधे १० टक्केच खरे.

युरोपातलं एसीएसआयचं कार्डही असंच. तो क्लब नाही, वर्षापुरतं सवलतकार्ड आहे, पण लोक त्याची क्लबशी तुलना करतात म्हणून इथे घेतो. हंगामाबाहेर दोन प्रौढांसाठी ठरावीक कमी भाडं, त्यात वीज आणि एक कुत्राही धरलेला. बहुतेक ठिकाणी ते जुलै-ऑगस्टमध्ये चालत नाही. शाळकरी मुलं असतील तर त्या दोन महिन्यांखेरीज तुम्ही निघणार कधी? आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाचं काय, हेही साइटगणिक विचारावं लागतं. ज्यांना मे-जून किंवा सप्टेंबर मोकळा आहे, त्यांच्यासाठी मात्र हे कार्ड कित्येकदा पूर्ण क्लबपेक्षा फायद्याचं ठरतं.

पैशांपलीकडची दारं न बघणं

आतापर्यंतचा सगळा हिशेब सवलतीचा होता. काही क्लब मात्र असं काही देतात की जे बाहेर कुठल्याच भावाला मिळत नाही, आणि तिथे टक्केवारी निरर्थक होते.

सगळ्यात ठळक उदाहरण ब्रिटनमधल्या पाच-गाड्यांच्या साइटचं. १९६०च्या कॅरॅव्हॅन साइट कायद्याने मान्यताप्राप्त संस्थांना एक सूट दिली: एखाद्या शेताला, बागेला किंवा पबमागच्या कुरणाला त्यांनी प्रमाणपत्र दिलं, तर मालकाला वेगळा साइट परवाना न काढता तिथे एका वेळी पाच कॅरॅव्हॅनपर्यंत उतरवता येतात, आणि उतरणारे त्या संस्थेचे सभासद हवेत. कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब (स्थापना १९०७) आणि कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब (१९०१) या दोघांकडेही अशा जागांचं जाळं आहे. गर्दी नाही, गोंगाट नाही, भाडं बहुधा मोठ्या साइटपेक्षा बरंच कमी. बिगरसभासदाने अधिभार देतो म्हटलं तरी इथे शिरकाव नाही. माझ्या मते त्या देशात क्लब घ्यायचं सगळ्यात सबळ कारण हेच आहे, आणि मासिकाच्या चकचकीत पानांत ते सगळ्यात कमी दिसतं.

पण इथेही एक चूक लोक करतात. अशा जागेवर कित्येकदा पिण्याच्या पाण्याचा नळ आणि रासायनिक शौचालयाची टाकी रिकामी करायची जागा, एवढंच असतं. न्हाणीघर नाही, कधी वीजही नाही. स्वतःच्या कॅरॅव्हॅनमध्ये शौचालय आणि शॉवर चालू स्थितीत नसेल, बॅटरीवर दोन रात्री काढायची तयारी नसेल, तर हे दार उघडूनही तुम्ही आत जाणार नाही. मग पुन्हा सवलतीच्याच हिशेबाकडे वळा.

न्यूझीलंडमध्ये मोटर कॅरॅव्हॅन असोसिएशनचंही तसंच. तिच्या स्वतःच्या पार्किंगच्या जागा सभासदांसाठी आहेत, पण गाडी स्वयंपूर्ण असल्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पाणी, सांडपाणी आणि शौचालय गाडीतच हवं. फ्रान्समध्ये फ्रान्स पॅशन ही योजना द्राक्षबागांत आणि शेतांवर एका रात्रीचा मोफत मुक्काम देते, तीही स्वयंपूर्ण गाडीलाच. आधी गाडी बघा, मग क्लब.

नकाशावरचे ठिपके मोजणं

'शेकडो साइट' हे वाक्य वाचून खूश होऊ नका. नकाशा उघडा आणि तुम्ही ज्या दोन-तीन भागांत खरोखर जाता, तेवढ्यावर बोट ठेवा. तिथे चार साइट असतील तर तुमच्यासाठी त्या क्लबच्या चारच साइट आहेत. त्या चारांवर तुमची गाडी मावते का तेही तपासा. मोठ्या लांबीच्या किंवा दोन आसांच्या कॅरॅव्हॅनसाठी पिच मोजकीच असतात, आणि ऑनिंग (कॅरॅव्हॅनला जोडायचा कापडी मांडव) लावायची असेल तर आणखी कमी.

सभासद झालो म्हणजे जागा मिळालीच, हा समजही सोडा. लांब सुट्टीचे दिवस महिनोन्‌महिने आधी भरतात. बुकिंग सभासदांसाठी कधी उघडतं, बिगरसभासदांसाठी कधी, आणि रद्द केल्यास काय होतं, हे आधी वाचा. काही क्लबांत सभासदांना आधी बुकिंग करता येतं. सुट्टीतच फिरणाऱ्या कुटुंबासाठी हा फायदा सवलतीपेक्षा मोठा ठरू शकतो.

तेच संरक्षण दोनदा विकत घेणं

'सभासदांसाठी विमा' म्हणजे सभासदत्वात विमा, असं नाही. क्लब तुम्हाला विमा वेगळा विकतो, त्यावर थोडी सूट देतो. दुसरीकडे भाव विचारल्याशिवाय ती सूट खरी की नावापुरती, ते कळत नाही. रस्त्यात गाडी बंद पडल्यावरच्या मदतीचं तर बहुतेकांकडे आधीच काहीतरी असतं, गाडीच्या विम्यात किंवा बँकेच्या खात्याबरोबर. तिथे एकच गोष्ट बघायची: ती मदत मागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनसकट लागू होते का, आणि लांबी, वजन, वय यांची मर्यादा किती. तिथे नकार असेल आणि क्लबच्या योजनेत होकार असेल, तर क्लबच्या बाजूने हा खरा मुद्दा झाला.

माणसांची किंमत शून्य धरणं

नवशिक्याने हे वाचावंच. कॅरॅव्हॅन रिव्हर्स घेणं, नाकावरचं वजन (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाचा ओढणाऱ्या गाडीवर पडणारा भार) जुळवणं, ओढणाऱ्या गाडीची क्षमता तपासणं, हे चुकीचं शिकलं तर महागात पडतं. मागे कॅरॅव्हॅन डोलायला लागली की सावरायला वेळच मिळत नाही. मोठे क्लब टोइंगचे, म्हणजे कॅरॅव्हॅन ओढण्याचे, प्रशिक्षणवर्ग घेतात, तांत्रिक प्रश्नांना उत्तरं देतात. पहिल्या वर्षी एवढ्यासाठी वर्गणी दिली तरी वाया गेली असं मी म्हणणार नाही. पाचव्या वर्षी तेच कारण चालणार नाही.

स्थानिक गटांचे मेळावेही असतात. एखाद्या मैदानावर सभासद जमतात, भाडं अगदी थोडं, सोयीही थोड्या. ज्यांना संध्याकाळी खुर्च्या मांडून गप्पा हव्यात त्यांच्यासाठी वर्गणी इथेच फिटते. ज्यांना शेजाऱ्यापासून पळायचं म्हणून कॅरॅव्हॅन घेतली, त्यांनी हा रकाना कोरा ठेवावा. मेळावे स्वयंसेवक चालवतात, कधीतरी तुमच्याही हातात नळीचं भेंडोळं किंवा हजेरीची वही येईल.

आधीच सभासद आहात आणि फिटत नाही?

सवलतच लागली नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा बुकिंग तिसऱ्याच संकेतस्थळावरून झालेलं असतं किंवा सभासद क्रमांक टाकायचा राहिलेला असतो. मुक्कामाआधी साइटला फोन करून तो नोंदवून घ्या. बिल झाल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

वर्गणी हंगामाच्या शेवटी भरली आणि हिवाळाभर कार्ड खिशात राहिलं, असंही होतं. आपलं वर्ष भरल्या तारखेपासून चालतं की ठरलेल्या तारखेपासून, ते तपासा. सवलतकार्डं बहुधा कॅलेंडर वर्षाची असतात. उन्हाळ्याअखेर अशी योजना घेतली तर महिने फुकट जातात.

दोन क्लब चालवत असाल तर मागच्या वर्षीच्या पावत्या दोन ढिगांत लावा. लहान ढीग ज्याचा, तो क्लब एका वर्षापुरता सोडून बघा. पुन्हा घेताना प्रवेश शुल्क लागतं का, तेवढं आधी विचारा. लागत असेल तर ते रात्रींच्या हिशेबात धरा.

आणि वर्गणी खात्यातून आपोआप कापली जात असेल तर नूतनीकरणाच्या महिनाभर आधीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. त्या दिवशी वर्षभराच्या रात्री मोजा. कमी भरल्या तर आपोआप कापणं त्याच दिवशी बंद करा आणि क्लबलाही कळवा. फक्त बँकेकडून थांबवलं तर काही ठिकाणी थकबाकीचं पत्र येतं.