सांगली-साताऱ्याहून न्यूयॉर्कला येताय? आधी रूझवेल्ट ॲव्हेन्यू स्टेशन समजून घ्या

आपल्याकडची पोरं इथं यायच्या आधी मला विचारतात, खोली कुठं बघू, आणि मी बहुतेकांना शहराच्या क्वीन्स भागातलं जॅक्सन हाइट्सच सांगतो, कारण ७४ व्या स्ट्रीटवर डाळ, कढीपत्ता, हिंग सगळं मिळतं आणि खालीच सबवेचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, रूझवेल्ट ॲव्हेन्यू स्टेशन आहे.

हे स्टेशन दोन थरांचं. ७ नंबरची गाडी वर पुलावरून जाते, आणि ई, एफ, एम, आर या जमिनीखालून. वरून खाली यायला स्टेशनाबाहेर पडायचं नाही, परत पैसेही पडत नाहीत.

खाली गेलात की खरी गडबड इथं होते बघा. एकाच प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला लोकल लागते, दुसऱ्या बाजूला एक्सप्रेस. एक्सप्रेस म्हणजे आपली सातारा-स्वारगेट विनाथांबा, मधे कितीही हात करा थांबणार नाही. दिवसा ई किंवा एफ पकडली तर मॅनहॅटनकडे जाताना मधली पाच स्टेशनं सुटतात, त्यामुळं खोली त्यातल्या स्टाइनवे स्ट्रीटला असेल तर एम नाहीतर आर. दुसऱ्या दिशेला तर एक्सप्रेस इथनं सुटली की थेट फॉरेस्ट हिल्सलाच थांबते. गर्दीच्या मागं जाऊ नका, गाडीवरचं अक्षर वाचा आणि मगच चढा. रात्री उशिरा एम आणि आर इथं येतच नाहीत, तेव्हा ई आणि एफच सगळीकडं थांबत जातात. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाड्या भलतीकडून वळवतात, म्हणून खांबावर चिकटवलेला कागद वाचायचाच, ऑफिसचा रस्ता बघून ठेवायला रविवारी निघू नका, सोमवारी सगळं वेगळं असतं.

पैशाचं सांगतो. जानेवारी २०२६ पासून एका फेरीला ३ डॉलर, लांब जा नाहीतर जवळ. पण सात दिवसांत ३५ डॉलर भरले की त्या आठवड्यातलं पुढचं फुकट, फक्त रोज गेटवर तेच कार्ड टॅप करा, आज कार्ड उद्या फोन असं केलंत तर दोन्हीचा हिशोब वेगळा धरतात. आणि कुणी बाजूचं इमर्जन्सी गेट उघडून धरलं तरी पैसे न भरता त्यातनं घुसू नका रे. दंड होतो, पोलीस असतात, व्हिसावर आलेल्या पोरानं तीन डॉलरसाठी असल्या भानगडीत पडायचं कशाला.

एकटे असाल, विशेषतः मुली, रात्री प्लॅटफॉर्मच्या मधोमध थांबा, तिथं वर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची फळी दिसेल. गाडी थांबली की बरोबर तिथं कंडक्टर खिडकीतनं त्या फळीकडं बोट दाखवतो, म्हणजे माणूस तुमच्या जवळच्या डब्यात असतो. आणि उन्हाळ्यात भरलेल्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर त्यात चढू नका, एसी बंद असतो नाहीतर घाण वास.

जेएफके विमानतळावर उतरलात तर एअरट्रेननं, म्हणजे विमानतळाच्या गाडीनं, क्वीन्समधल्याच जमैका स्टेशनला या, त्याचं तिकीट वेगळं, तिथनं ई गाडी सरळ इथं आणते. मोठ्या बॅगा घेऊन जिन्याकडं जाऊ नका, लिफ्ट आहे. आईवडील पुढं येतील तेव्हा त्यांनाही लिफ्टनंच आणा, आणि ७ नंबरनं फ्लशिंगला गणपतीच्या देवळात घेऊन जा, तळघरात कँटीन आहे, डोसा चांगला मिळतो.