नवीन सरपंचांनो, वित्त आयोगाचा निधी अडकू नये म्हणून काय करायचं

निवडून आलं की पहिल्यांदा सगळे खासदारांकडे नाहीतर आमदारांकडे निवेदन घेऊन पळतात. जरूर जा, पण केंद्राचा जो पैसा (वित्त आयोगाचा निधी) थेट ग्रामपंचायतीच्या नावावर येतो तो निवेदनावर येत नाही, तो आराखड्यावर येतो. गावाचा विकास आराखडा (आमचा गाव आमचा विकास) ग्रामसभेत मंजूर करून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचा, त्यात जे काम नाही त्याचं बिल निघत नाही, एवढं पहिल्या दिवशीच डोक्यात ठेवा.

दरवर्षी २ ऑक्टोबरपासून आराखड्याची मोहीम सुरू होते. त्याआधी वाडी-वस्तीवर स्वतः फिरा, बायकांची वेगळी सभा घ्या, कारण पाण्याची खरी अडचण त्याच सांगतात, मुख्य ग्रामसभेत पुढे बसणारे फक्त रस्ता मागतात.

आता वाटणी. पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२६) निधीचे दोन भाग होते, ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. म्हणजे १० लाख आले तर ३ लाख पिण्याच्या पाण्यावर, ३ लाख स्वच्छतेवर, आणि उरलेले ४ लाख गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातून पगार किंवा ऑफिसचा खर्च चालत नाही. पाणीयोजनेची मोटर दुरुस्ती बंधितमधून बसते, गल्लीतला काँक्रीट रस्ता मात्र अबंधितमधूनच घ्यायचा, इथे घोळ झाला की ऑडिटमध्ये आक्षेप येतो आणि वसुली तुमच्या नावावर लागू शकते. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, त्यामुळे टक्केवारी नवीन शासन निर्णयातच बघा, जुन्या पाठांतरावर जाऊ नका.

पैसे खर्च करताना ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि सरपंच, दोघांच्या डिजिटल सही लागतात. तुमचा डोंगल (डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा यूएसबी) तुमच्याकडेच ठेवा!! दुसऱ्याच्या हातात देऊन "तुम्हीच करा सही" असं कधीच म्हणू नका, सही तुमची म्हणजे जबाबदारीही तुमची. सहीची मुदत संपत आली की आधीच नूतनीकरण करून घ्या, नाहीतर ठेकेदाराचं पेमेंट मार्चअखेरीस लटकतं.

हिशोब ऑनलाइन बंद करणं आणि ऑडिट हे कंटाळवाणं वाटतं पण पुढचा हप्ता त्याच्यावरच अवलंबून असतो. दर महिन्याला बसून कॅशबुक आणि बँक स्टेटमेंट ताडून घ्या.

एवढं करूनही केंद्राच्या योजनेचं काम अडलं, समजा जलजीवनची पाइपलाइन टाकली पण नळाला पाणी नाही, तर जिल्ह्यात खासदारांच्या अध्यक्षतेखाली दिशा समितीची (केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी समिती) बैठक होते, तिथे जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. समितीत काही सरपंचही असतात, त्यांच्यामार्फत किंवा गटविकास अधिकाऱ्यांना पत्र देऊन विषय लावून घ्या. पत्रात योजनेचं नाव, कामाचा आदेश क्रमांक, तारीख आणि फोटो टाका आणि पोच घ्यायला विसरू नका.