वावरात हाड सापडलं तर: माणसाचं की जनावराचं, कसं ओळखावं

उन्हाळी नांगरटीत, किंवा पहिल्या पावसात नाल्याची दरड कोसळली की काळ्या मातीतून हाडं वर येतात. बहुतेक वेळा ती गाई-बैलाची, बकरीची नाहीतर रानडुकराची असतात. पण एखादं माणसाचंही असू शकतं, कारण गावोगावी लहान बाळांना पुरतात, काही समाजांत दफनाचीच रीत आहे, आणि नाला आपली वाट बदलत राहतो. माणसाचं हाड ओळखायचं असेल तर आधी स्वतःच्या अंगावरची हाडं हाताला कळली पाहिजेत.

पायरी 1: स्वतःचं अंग चाचपा

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 206 हाडं असतात. ती पाठ करत बसू नका. कातडीखाली लगेच लागतात तेवढी दहा-बारा पुरेत: गळ्याखालचं आडवं हाड, पाठीवरचा फरा, छातीचं मधलं हाड, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटे.

सुरुवात कोपरापासून करा. हात सरळ ठेवून कोपराच्या मागे तीन उंचवटे शोधा. दोन बाजूंचे दंडाच्या हाडाचे, मधला हाताच्या करंगळीकडच्या हाडाचा. हात सरळ असताना तिन्ही एका रेषेत येतात, काटकोनात वाकवला की त्रिकोण होतो. आतल्या उंचवट्याच्या मागून एक नस जाते, तिथे मार बसला की करंगळीपर्यंत करंट लागल्यासारखं होतं. आता तळहात वर करा, मग पालथा करा. करंगळीकडचं हाड जवळजवळ जागेवरच राहतं आणि अंगठ्याकडचं त्याच्यावरून आडवं फिरतं. ही दोन वेगळी हाडं नीट लक्षात ठेवा, पुढे कामी येतील.

पायाचे घोटे म्हणजे वेगळं हाड नव्हे. आतला घोटा हे नडगीचं टोक, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचं. बाहेरचा नेहमी थोडा खाली असतो.

पायरी 2: गोठ्यात जा

बैलाच्या पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट. मागच्या पायाचा उलटा वाकलेला सांधा ही त्याची टाच. बैल दोन बोटांच्या टोकांवर उभा असतो, खूर म्हणजे त्याची नखं. मनगटापासून खुराच्या वरपर्यंत जी सरळ नळी दिसते, ती तळहाताची दोन हाडं जुळून झालेली आहे. वावरात सगळ्यात जास्त सापडणारं आणि लोकांना सगळ्यात जास्त घाबरवणारं हाड हेच.

पायरी 3: लांबी नको, टोक बघा

लांबीवरून अंदाज बांधला की हमखास चुकतं. वर सांगितलेल्या नळीला समोरून उभी खाच असते आणि खालच्या टोकाला शेजारी शेजारी दोन कप्पी. असं दिसलं की ते गाय, म्हैस, बकरी, नीलगाय किंवा हरणाचं. माणसात असं हाडच नाही. माणसाच्या मांडीच्या हाडाला वर गोल चेंडू असतो आणि तो लांब मानेवर तिरका पुढे आलेला असतो. बैलाचा चेंडू हाडाला चिकटून बसतो, मान आखूड.

हाताची दोन हाडं जुळून एक झालेली दिसली तर ते गुराढोरांचं. गळ्याखालचं ‘एस’सारखं वळलेलं हाड गाय, बैल, बकरी, डुक्कर यांना नसतंच. कवटी असेल तर मणका जिथे जोडला जातो ते मोठं भोक बघा: माणसात तळाला, जनावरात मागच्या अंगाला.

चूक कुठे होते

लहान मुलांची हाडं सगळ्यात फसवी. वाढ पूर्ण होईपर्यंत टोकं हाडाला जुळलेली नसतात, ती गळून पडतात आणि उरतो बिनटोकाचा दांडा. तो बकरीचा समजून फेकला जातो. डुकराच्या मागच्या दाढा माणसाच्या दाढांसारख्या बोथट उंचवट्यांच्या असतात. मेळघाट-ताडोबाच्या बाजूला अस्वलाचा कातडी-नखं गेलेला पंजा माणसाच्या हातापायासारखा दिसतो. वानराची हाडं तर माणसाच्या हाडांची छोटी आवृत्तीच, त्यालाही गळ्याचं हाड असतं. अशा ठिकाणी स्वतः निकाल देऊ नका.

पायरी 4: शंका आली की

हात लावू नका, धुऊ नका, आणि पूजा करून नदीत तर मुळीच सोडू नका. हाड कोणत्या बाजूला, किती खोल, शेजारी काय होतं, यावरूनच ते किती जुनं आणि कोणाचं हे कळतं. एकदा उचललं की ते सगळं गेलं. शेजारी 10 रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा. ते 27 मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे माप कळतं. एक फोटो जवळून, एक धुरा किंवा झाड दिसेल असा लांबून. मग पोलीस पाटलांना सांगा किंवा 112 ला फोन लावा.

जुनापाणी, माहुरझरी अशा नागपूरच्या परिसरात मोठ्या दगडांची गोल वर्तुळं आहेत. ती महापाषाण काळातली दफनं. अशा वर्तुळाजवळ हाड किंवा मडक्याचे तुकडे दिसले तर नांगर थांबवा आणि तहसील कार्यालयातून पुरातत्त्व विभागाला निरोप द्या.

माणसं येईपर्यंत कुत्री हाड ओढून नेतात, म्हणून कोणीतरी तिथे बसलं पाहिजे. आभाळ भरलं असेल तर वरून ताडपत्री टाका आणि कडांवर दगड ठेवा, पण ते हाडापासून हातभर लांब.