एम.ए.ला कोल्हापुरात येताय? आधी तहसील गाठा, गादीचं नंतर

शिवाजी विद्यापीठात प्रवेश घ्यायचं ठरलं की घरात पहिली चर्चा गादी, बादली आणि लोणच्याच्या बरणीची होते. गादी-बादली राजारामपुरीत कधीही मिळते. ऐनवेळी मिळत नाही तो उत्पन्नाचा दाखला. तेव्हा तयारी तिथून सुरू करा. चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावडा या बाजूच्या मुलांनी तर तहसीलची आणि सेतूची कामं मे महिन्यातच उरकावीत. प्रवेशाची धावपळ आणि पंचगंगेचं पाणी एकाच हंगामात चढतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, पण गगनबावड्याचा रस्ता त्याच्याही आधी बंद पडू शकतो. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी होतं. मूळ कागद तपासायला बोलावलंय आणि तुम्ही वाटेतल्या कळे गावात अडकून पडलाय, असं व्हायला नको.

कागदांत दहावीपासूनची गुणपत्रकं घ्या. पदवीची प्रत्येक सत्राची घ्या, एटीकेटी लागली असेल तर ती सोडवल्याचंही. कॉलेज सोडल्याचा दाखला हवा. बेळगाव किंवा सोलापूरच्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, आणि ते त्या विद्यापीठाकडूनच आणावं लागतं, म्हणून अर्ज लवकर टाका. मध्ये एखादं वर्ष घरी राहिला असाल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन क्रिमीलेअर बाहेर काढून आधी मुदत वाचावी. संपलेलं नॉन क्रिमीलेअर घेऊन रांगेत उभी राहिलेली मुलं दरवर्षी दिसतात. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा, आणि मूळ प्रती प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला. साधी कापडी पिशवी जुलैत टिकत नाही.

खरा घोळ नावात असतो. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, गुणपत्रकावर आद्याक्षर, बँकेत आडनाव शेवटी. माणूस एकच आहे हे आपल्याला कळतं, पोर्टलला कळत नाही. लग्नानंतर पुन्हा शिकायला येणाऱ्या ताईंनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवावी. बँक खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं आणि आधार सीडिंग झालेलं, म्हणजे आधारशी जोडलेलं हवं. गोकुळच्या दूधबिलाचं वडिलांचं खातं इथे चालत नाही. याशिवाय शैक्षणिक क्रेडिट बँकेचा, म्हणजे एबीसीचा आयडी काढून ठेवा; नव्या शैक्षणिक धोरणात तुमचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, तिथेच जमा होतात. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याने आणि पालकांनी दोघांनीही द्यायचं असतं. घरातून निघायच्या आधी ते काम आई-वडिलांसोबत बसून उरका, आणि 1800-180-5522 हा हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये घाला.

पैशांचं गणित पहिल्या आठवड्यातच मांडा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, अनुसूचित जातीच्या मुलांच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला अडीच लाख. वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेची मदत. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजून निवांत बसू नका. अर्ज त्रुटी काढून परत येतो आणि लॉगिन उघडल्याशिवाय ते कळत नाही. दर आठ-दहा दिवसांनी बघत चला.

एवढं करूनही ओढाताण होत असेल तर कमवा आणि शिका योजनेचा अर्ज भरा. यात कमीपणा मानू नका. 1962 ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिले कुलगुरू होते इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार; शेतकऱ्याघरचं पोर पैशावाचून परत जाऊ नये ही तळमळ इथे तेव्हापासूनची. आणि शहराची ओळख त्याहून जुनी आहे. शाहू महाराजांनी 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. पुढे रयत शिक्षण संस्था उभी करणारे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्येच राहत होते. विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या यादीत नाव नाही लागलं तर दसरा चौकाच्या बाजूच्या या बोर्डिंगांत जाऊन चौकशी करायला काहीच हरकत नाही.

आता माणसं. माझ्या मते या यादीतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. शिवाजी विद्यापीठ म्हटलं की कोल्हापूर, सांगली, सातारा असा तीन जिल्ह्यांचा पसारा डोळ्यांपुढे येतो, पण तुमचा रोजचा संबंध येतो अधिविभागाशी, म्हणजे आवारातल्या तुमच्या विषयाच्या विभागाशी. तो लहान असतो, महिन्याभरात सगळे सगळ्यांना ओळखायला लागतात. म्हणून येण्याआधी दोन गोष्टी वाचा. एक, अभ्यासक्रम. दोन वर्षांचे 88 क्रेडिट कशाकशात वाटलेत, ऐच्छिक विषय कोणते, ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आणि संशोधन प्रकल्प कोणत्या सत्रात, हे पाहून ठेवा. दुसरं, शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या विषयातल्या सरांनी आणि मॅडमनी कोणकोणत्या प्रबंधांना मार्गदर्शन केलंय ते बघा. प्रबंध सगळा वाचायची गरज नाही, प्रस्तावना आणि संदर्भसूची पुरे. मग प्रकल्पाचा विषय मागायला जाताना 'सर, काहीही चालेल' असं म्हणायची वेळ येत नाही. कार्यालयातल्या क्लार्कशीही पहिल्या दिवशीच नीट बोला. परीक्षा अर्जाची मुदत सर्वांत आधी त्यांनाच कळते.

बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाचं कार्ड ओळखपत्र हातात पडलं की त्याच दिवशी काढा, आणि अभ्यासिकेच्या वेळा विचारून घ्या. प्राध्यापकीसाठीची नेट-सेट परीक्षा द्यायची असेल तर शेवटच्या वर्षात असतानाही बसता येतं, हे अनेकांना उशिरा कळतं. इतिहासवाल्यांनी शहरातलं पुराभिलेखागार पाहून ठेवावं, करवीर संस्थानचे कागद तिथे आहेत. वाचनाची सवय असेल तर 1850 पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिरही आहे. मराठीवाल्यांना आवारातलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय कुणीतरी दाखवेलच.

राहायची सोय बाहेर करणार असाल तर राजेंद्रनगर, सागरमाळ हा भाग चालत येण्याजोगा. खोली पावसाळ्यात बघा, भिंतीला ओल आहे का ते तेव्हाच दिसतं. डिपॉझिट परत कधी मिळणार हे आधी विचारा. आणि मेस लावताना सुट्टीचा दिवस विचारा. बहुतेक ठिकाणी रविवारी रात्री बंद असते, ती सोय वेगळी करावी लागते.