नवशिक्या चालकाचा विमा: कुठे वाचवायचं, कुठे नाही
मुलाने नुकतंच लायसन्स काढलंय आणि नवी गाडी घेताय? शोरूमवाला विम्याचा आकडा कोटेशनमध्येच घालून देतो. तिथूनच घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टीचा (म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा) दर सरकारच ठरवतं, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो 'ओन डॅमेज'मध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, तेव्हा दोन-तीन कंपन्यांचे दर ऑनलाइन बघा आणि मग घासाघीस करा. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) सारखीच ठेवून तुलना करा, नाहीतर स्वस्त पॉलिसी म्हणजे नुसती कमी दाखवलेली किंमत. झिरो डेप (घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, न कापता भरपाई देणारी जोड) मात्र वगळू नका. शिकाऊ हातात आधी बंपरच घासतो (गेटचा खांब काही बाजूला सरकत नाही!), आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. बारीक ओरखड्यासाठी क्लेम नको. पुढच्या वर्षीचा 20 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.