सगळे डबे एका कोडात बसत नाहीत: प्लास्टिकचे डबे आयात करताना या चुका टाळा

मसाल्याचा डबा, शाळेचा डबा, बेदाणा भरून विकायचा डबा. आपल्याला 'डबा' हा एकच शब्द पुरतो. कस्टमला तो पुरत नाही, आणि सांगली-कुपवाडच्या छोट्या आयातदारांना पहिली ठेच इथेच लागते.

मिरजेतल्या माझ्या ऑफिसात एका व्यापाऱ्याने टेबलावर दोन नमुने ठेवले होते. एक द्राक्षाचा पनेट: पातळ, बोटाने दाबला की चेपणारा, तळाला हवेसाठी भोकं. दुसरा स्वयंपाकघरातला एअरटाइट डबा: जाड भिंती, चार बाजूंनी क्लिपा, झाकणात रबरी रिंग. इनव्हॉइसवर दोन्हींना एकच नाव, 'प्लास्टिक कंटेनर', आणि कस्टमच्या वर्गीकरणाचा एकच कोड, ३९२३. मी ते तसंच पुढे जाऊ दिलं. न्हावा शेवा बंदरातल्या कस्टमकडून क्वेरी, म्हणजे शंका विचारणारं पत्र, आली: वस्तूचा वापर काय, कॅटलॉग द्या. उत्तर जाईपर्यंत कंटेनर अडकला आणि भाडं चढत राहिलं. नमुने हातात घेऊन पाच मिनिटं विचार केला असता तर हे टळलं असतं.

३९२३ हे शीर्षक माल भरण्यासाठी किंवा वाहून नेण्यासाठी बनवलेल्या प्लास्टिक वस्तूंचं. पनेट तिथे, ३९२३ १० मध्ये. बाटल्या आणि त्यांचे प्रीफॉर्म (फुगवून बाटली करण्याआधीचे नळीसारखे साचे) ३९२३ ३० मध्ये. घरात, ताटावर, ओट्यावर वापरायच्या वस्तू ३९२४ मध्ये. एअरटाइट डबा ३९२४ १० चा. 'पण या डब्यात माल भरूनही विकता येतो ना?' असं हमखास विचारलं जातं. येतो, पण वस्तू मुळात कशासाठी घडवली आहे ते पाहिलं जातं, कधीमधी होणारा वापर नाही. हे उलट बाजूनेही लागू आहे. खाद्यपदार्थ भरून विकण्यासाठीच बनवलेला बिनकानाचा कप नंतर कोणी पाणी प्यायला वापरला, म्हणून तो ३९२४ चा होत नाही.

पुरवठादाराने दिलेला कोड डोळे झाकून उचलणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पहिले सहा आकडे जगभर सारखे, म्हणून ते बरोबरच असतील असं वाटतं. पण तिकडच्या माणसाने ते त्याच्या सोयीने लिहिलेले असू शकतात, आणि आपल्याकडे आठ आकडे लागतात. २०११ पासून कस्टम कायद्याच्या कलम १७ नुसार स्वयं-निर्धारण आहे, म्हणजे कोड आणि शुल्क आयातदाराने स्वतःच ठरवायचं. कोडची जबाबदारी आयातदाराची. पुरवठादाराची नाही आणि सीएचएकडे (कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटकडे) बोट दाखवूनही सुटका नाही. शुल्क कमी भरलं गेलं तर कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते, जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत.

झाकणं सुटी मागवली तर ३९२३ ५०. पण ती लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची असली तर ८३०९. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं मागवणाऱ्यांची इथे नेहमी गफलत होते. आत स्टील आणि बाहेर प्लास्टिक असा टिफिन असेल तर वस्तूचं मूळ स्वरूप कोणत्या भागामुळे आहे ते वर्गीकरणाच्या सामान्य नियमांतल्या नियम ३(ब) ने ठरवावं लागतं. बाहेरून प्लास्टिक दिसतं एवढ्यावर भागत नाही. ३०० लिटरच्या वरची पाण्याची टाकी ३९२५ १० मध्ये जाते. मात्र रसायन वाहून नेण्यासाठीचा मोठा कंटेनर नुसत्या आकारमानावरून तिथे टाकू नका. ३९२५ मध्ये आधीच्या शीर्षकात न बसणाऱ्या वस्तूच येतात, म्हणून ३९२३ आधी तपासा.

डबे रिकामे येतात की माल भरून, हेही लिहा. भरून आलेलं नेहमीचं पॅकिंग नियम ५(ब) प्रमाणे मालाबरोबरच वर्गीकृत होतं. पुन्हापुन्हा वापरता येतील असे मजबूत क्रेट त्याला अपवाद.

क्वेरी आलीच तर एका ओळीत 'कोड बरोबर आहे' असं उत्तर देऊ नका. फोटो, मापं, कॅटलॉगचं पान, ग्राहक कोण आणि तो डब्यात काय भरणार, हे सगळं जोडा. चूक खरंच आपली असेल तर कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. वाद मिटत नसेल आणि माल तातडीने हवा असेल तर कलम १८ चं तात्पुरतं निर्धारण, म्हणजे शुल्काचा अंतिम निर्णय नंतर होईल अशी सोय, मागा. तीच वस्तू वर्षानुवर्षं आणणार असाल तर माल निघण्याआधीच कस्टमच्या मुंबईतल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडून कोडबद्दल आगाऊ निर्णय घ्या. माझ्या मते हा मार्ग आपल्याकडे फारच कमी वापरला जातो.

जास्त शुल्क भरलं गेलं असेल तर नुसता परताव्याचा अर्ज टाकून बसू नका. निर्धारण बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सांगितलं आहे. अपिलाची मुदत साठ दिवसांची. ती तारीख फाइलच्या कव्हरवरच लिहून ठेवा.

त्या व्यापाऱ्याच्या पुढच्या इनव्हॉइसवर 'प्लास्टिक कंटेनर' हे शब्द नव्हते. 'पीईटी पनेट, ५०० ग्रॅम द्राक्षांसाठी, छिद्रांसह, रिकामे' अशी एक ओळ होती. 'पॉलिप्रॉपिलीन डबा, १.२ लिटर, क्लिप झाकण, घरगुती वापरासाठी' ही दुसरी. दोन ओळी, दोन कोड, आणि दोन्हींचे फोटो सोबत.